अभ्यास आणि वैराग्य : आरोग्यासाठी केलेल्या योगाचा विचार

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी, १७७ देशांनी सहप्रस्तावक होऊन मांडलेला ठराव संमत करून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन ठरविला, आणि २०१६ मध्ये युनेस्कोने योगाला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आमसभेतील तो ठराव जागतिक आरोग्य आणि परराष्ट्र धोरण या विषयाखाली मांडला गेला होता, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. कैवल्य, म्हणजे प्रकृतीच्या सर्व व्यापारांपासून पुरुषाचे वेगळेपण पूर्णपणे प्रकट होणे, हे ज्या साधनेचे अंतिम प्रयोजन सांगितले गेले, ती साधना आज जगाने मुख्यतः आरोग्याचे आणि मनःस्वास्थ्याचे साधन म्हणून स्वीकारली आहे. पाठदुखी, निद्रानाश, मधुमेह, कामाचा ताण, परीक्षेची भीती अशा कारणांनी योगवर्गात येणाऱ्यांची संख्या मोक्षाच्या इच्छेने येणाऱ्यांपेक्षा कितीतरी पटींनी मोठी आहे. अशा स्थितीत एक तात्त्विक प्रश्न उभा राहतो : साध्य बदलले आणि साधन मात्र बाह्यतः तेच राहिले, तर त्या साधनाला पूर्वीचेच नाव देता येते काय, आणि देता येत असेल तर कोणत्या अटीवर?

या प्रश्नाला दोन उत्तरे प्रचलित आहेत. परंपरेचा अभिमान बाळगणारा पक्ष असे म्हणतो की मोक्षाची आकांक्षा गळाली की मागे उरते ती केवळ कसरत, आणि तिला योग म्हणणे हा शास्त्राचा अवमान होय. व्यवहारवादी पक्षाचे म्हणणे असे की ज्याचा उपयोग होतो ते चांगले, आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या उद्दिष्टांचे ओझे आजच्या साधकाच्या खांद्यावर ठेवण्याचे कारण नाही. दोन्ही पक्ष शरीर आणि मोक्ष यांना परस्परांपासून तोडूनच वादाला आरंभ करतात, आणि योगशास्त्राने स्वतः आपल्या साधनेची कसोटी कोणती सांगितली आहे याची चौकशी दोघांकडूनही राहून जाते. ती चौकशी केल्यास विवादाचे केंद्र शरीरावरून हलून अन्यत्र जाते, असे दाखविता येईल.

पतंजलींच्या योगसूत्रांची संख्या रूढ पाठानुसार १९५ असून ती समाधी, साधन, विभूती आणि कैवल्य अशा चार पादांत विभागलेली आहेत. यांपैकी आसनाचा प्रत्यक्ष विचार साधनपादातील अवघ्या तीन सूत्रांत आटोपला आहे. शरीराच्या आरोग्याविषयी पतंजली उदासीन आहेत असे मात्र नाही, कारण चित्ताला विक्षिप्त करणाऱ्या नऊ अंतरायांच्या यादीत त्यांनी व्याधीला पहिले स्थान दिले आहे, आणि विभूतिपादात रूप, लावण्य, बळ आणि वज्रासारखी दृढता यांना देहाची संपत्ती म्हणून गणले आहे. तथापि अंतराय दूर होणे म्हणजे साध्य प्राप्त होणे नव्हे. नियमांपैकी, म्हणजे साधकाने स्वतःपुरत्या पाळावयाच्या व्रतांपैकी, पहिला जो शौच, म्हणजे शुद्धी, त्याचे फळ सांगताना तर पतंजलींनी स्वतःच्या देहाविषयी जुगुप्सा उत्पन्न होते असे म्हटले आहे. सुडौल देहाच्या छायाचित्रांनी योगाची जाहिरात करणाऱ्या आजच्या संस्कृतीला हे सूत्र पचविणे सर्वांत कठीण जाईल.

योगसूत्रांवरील व्यासभाष्यात या शास्त्राची तुलना वैद्यकाशी केलेली आढळते. ज्याप्रमाणे वैद्यकात रोग, रोगाचे कारण, आरोग्य आणि औषध असे चार विभाग असतात, त्याप्रमाणे योगशास्त्रातही संसार, संसाराचे कारण, मोक्ष आणि मोक्षाचा उपाय असे चार विभाग आहेत, असा त्या तुलनेचा आशय आहे. येथे वैद्यकाचा आराखडा घेतला असला तरी रोग कोणता याची व्याख्या बदललेली आहे : दुःख हा रोग, द्रष्टा आणि दृश्य यांचा अविद्येमुळे झालेला संयोग हे त्याचे कारण, आणि विवेकख्याती, म्हणजे त्या दोहोंमधील भेदाचे अखंड भान, हा त्यावरचा उपाय होय. आधुनिक काळात ही तुलना उलट्या दिशेने चालविली गेली. योग हा वैद्यकासारखा आहे या विधानाचे, योग हाच वैद्यकाचा एक प्रकार आहे, या विधानात रूपांतर झाले, आणि रोगाची व्याख्या पुन्हा देहापाशी येऊन थांबली.

इतके मान्य केले तरी परंपराभिमानी पक्षाचा निर्णय स्वीकारता येत नाही, कारण पातंजल दर्शन म्हणजे संपूर्ण योगपरंपरा नव्हे. मध्ययुगात आकाराला आलेल्या हठयोगाने देहाला साधनेच्या केंद्रस्थानी आणले. पंधराव्या शतकातील स्वात्मारामांनी हठप्रदीपिकेत आसनाला हठाचे पहिले अंग मानून त्याची फळे स्थैर्य, आरोग्य आणि अंगाची लघुता अशी स्पष्ट शब्दांत सांगितली आहेत. घेरंडसंहितेत देहाला घटाची उपमा देऊन, कच्चा घट पाण्यात विरघळतो म्हणून तो योगाग्नीत भाजून घ्यावा, असे सांगितले आहे आणि षट्कर्मे, आसने, मुद्रा यांच्यापासून समाधीपर्यंत सात पायऱ्या मांडल्या आहेत. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ज्ञानेश्वरांना गहिनीनाथ आणि निवृत्तिनाथ यांच्याकडून लाभलेल्या नाथपरंपरेचा हा वारसा शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात प्रकट झाला आहे. कुंडलिनी जागृत झाल्यावर योग्याचा देह कसा नवा आणि तेजस्वी होतो याचे तेथील वर्णन मूळ गीतेत नाही. देहाविषयीचा आदर ही पाश्चात्त्य व्यायामशाळांनी योगात मिसळलेली भेसळ आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी या ग्रंथांकडे पाहिले पाहिजे.

मात्र याच ग्रंथांत देहाचा आदर कोठे थांबतो तेही सांगितलेले आहे. हठाच्या सर्व क्रिया केवळ राजयोगासाठी, म्हणजे मनाच्या लयासाठी, आहेत असे स्वात्माराम आरंभीच स्पष्ट करतात, आणि ज्ञानेश्वरांच्या वर्णनातील तो तेजस्वी देहही अखेरीस महाभूतांसह मावळून जातो. आयुर्वेदातही हीच मर्यादा दिसते. चरकसंहितेने आरोग्याला धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष या चारही पुरुषार्थांचे मूळ म्हटले आणि शारीरस्थानात योग व मोक्ष या अवस्थांत सर्व वेदना, म्हणजे सुखदुःखाचे सर्व अनुभव, निवृत्त होतात असेही सांगितले. मूळ म्हणून आरोग्याचे मोल मोठे असले तरी ते मूळ आहे, फळ नव्हे, असा या सर्व परंपरांचा समान आशय आहे.

आजच्या योगाचे रूप ज्या काळात घडले त्या काळाकडे वळल्यास महाराष्ट्राचा वाटा मोठा असल्याचे दिसते. नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदास यांच्या दोन शिष्यांनी योगाला मठातून बाहेर काढून नागरिकांच्या घरापर्यंत पोहोचविले. त्यांपैकी श्रीयोगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईजवळच्या वर्सोवा येथे योग संस्था स्थापन करून गृहस्थांसाठी सोपे वर्ग चालविले, तर जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभारून त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करताना उदरातील दाब किती बदलतो हे कुवलयानंदांनी दाबमापकाने मोजले, क्ष-किरणांची छायाचित्रे घेतली आणि पारंपरिक क्रियांना शरीरविज्ञानाच्या भाषेत मांडले. औंधचे संस्थानिक भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी जुन्या हठग्रंथांत योगांग म्हणून न येणाऱ्या सूर्यनमस्काराचा शाळाशाळांतून प्रसार केला. म्हैसूरच्या राजवाड्यात तिरुमलै कृष्णम्माचार्य आसनांचे गतिमान क्रम शिकवीत होते, आणि त्यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार यांनी १९३७ मध्ये पुण्यात येऊन पुढे तेथेच आपली पद्धती घडविली. त्यांचा ‘लाइट ऑन योगा’ हा ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर पट्टे, ठोकळे, खुर्च्या आणि दोऱ्या यांच्या साहाय्याने आसनातील अचूकता साधण्याची त्यांची रीत जगभर पसरली.

या इतिहासाचा आधार घेऊन, आधुनिक आसनप्रधान योग हा विसाव्या शतकाच्या आरंभीच्या भारतीय व युरोपीय व्यायामसंस्कृतीतून निपजला, असे प्रतिपादन मार्क सिंगलटन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आणि त्यावरून मोठा वाद माजला. या प्रतिपादनात तथ्य असले तरी ते पुरते खरे नाही, कारण कपालकुरंटककृत ‘हठाभ्यासपद्धती’ या ग्रंथात ११२ आसने वर्णिलेली असून त्यांत दोरीच्या आधाराने करावयाच्या आसनांचाही समावेश आहे. या ग्रंथाचे हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे आणि तो वसाहतकालीन व्यायामचळवळीच्या आधीचा मानला जातो. पण आसने प्राचीन ठरली काय किंवा अर्वाचीन ठरली काय, त्याने मूळ प्रश्न सुटत नाही. एखादी क्रिया जुनी असल्याने ती योग ठरत नाही आणि नवी असल्याने योगबाह्य ठरत नाही. तसे असते तर मध्ययुगीन हठयोगाने नव्याने आणलेल्या मुद्राही योगबाह्य मानाव्या लागल्या असत्या.

मग कसोटी कोणती? चित्तवृत्तींचा निरोध कशाने होतो या प्रश्नाला पतंजलींनी अभ्यास आणि वैराग्य असे जोडउत्तर दिले आहे, आणि मन आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण आहे या अर्जुनाच्या तक्रारीवर गीतेतील कृष्णानेही हीच जोडी सांगितली आहे. चित्त स्थिर व्हावे म्हणून दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदरपूर्वक केलेला यत्न म्हणजे अभ्यास. पाहिलेल्या व ऐकलेल्या, म्हणजे या लोकीच्या आणि परलोकीच्या, विषयांची तृष्णा सुटून त्यांच्यावर आपला ताबा आहे अशी जाणीव होणे म्हणजे वैराग्य. घर सोडणे वा अंगाला राख फासणे या अर्थाने हा शब्द येथे वापरलेला नाही. विषयाच्या सान्निध्यातही त्याच्या ओढीने मन फरफटत न जाणे, एवढाच त्याचा आशय आहे. भाष्यकारांनी चित्ताला दोन्ही दिशांनी वाहणाऱ्या नदीची उपमा देऊन, वैराग्याने विषयांकडे जाणारा प्रवाह अडविला जातो आणि अभ्यासाने विवेकाकडे जाणारा प्रवाह मोकळा होतो, असे सांगितले आहे. दोहोंपैकी एकाने काम भागत नाही, हे त्या विवेचनाचे सार होय.

आधुनिक जीवनशैलीने या जोडीतील अभ्यास स्वीकारला आणि वैराग्य बाजूला ठेवले. योगाचे आजचे स्वरूप न्यून वाटत असेल तर त्याचे खरे कारण येथे आहे. पहाटे उठून नियमाने आसने करणारा, श्वासाची मात्रा सांभाळणारा, वर्षानुवर्षे खंड न पाडणारा साधक अभ्यासाच्या व्याख्येत चोख बसतो. पण त्या अभ्यासाचा प्रवाह कोणत्या दिशेने वाहतो हा प्रश्न त्याला कोणी विचारीत नाही. पतंजलींनी सांगितलेल्या पाच क्लेशांच्या, म्हणजे चित्ताला पीडणाऱ्या मूलभूत दोषांच्या, आधारे ही दिशा तपासता येते. अनित्य देहाला नित्य मानणे ही अविद्या होय. मी हा देह, मी हे सामर्थ्य, अशी एकरूपता ही अस्मिता. सुखामागे धावणे हा राग, दुःखाचा तिटकारा हा द्वेष, आणि विद्वानालाही न सोडणारी जगण्याची आसक्ती हा अभिनिवेश. वय झाकण्याचे, चिरतारुण्याचे, सुडौल बांध्याचे आणि इतरांहून लवचीक असल्याच्या प्रदर्शनाचे साधन म्हणून जेव्हा योग विकला जातो, तेव्हा ज्या क्लेशांना क्षीण करण्यासाठी तो सांगितला गेला त्यांनाच तो खतपाणी घालतो.

ताणमुक्तीचे उदाहरण या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. प्राणायामाने व शिथिलीकरणाने ताण हलका होतो हा अनुभव सार्वत्रिक आहे, आणि जुनाट कंबरदुखीसारख्या विकारांत योगाचा उपयोग वैद्यकानेही मान्य केला आहे. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या चिकित्सकांच्या संघटनेने २०१७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीवरील औषधविरहित उपायांमध्ये योगाचा समावेश आहे. हा लाभ क्षुल्लक नाही आणि त्याची हेटाळणी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु ज्या धावपळीतून, स्पर्धेतून आणि संग्रहाच्या हव्यासातून ताण उत्पन्न होतो ती अबाधित राहावी आणि माणसाने रोज अर्ध्या तासात ताजेतवाने होऊन पुन्हा त्याच धावपळीत शिरावे, एवढ्यासाठीच योग वापरला गेला, तर वैद्यकाच्या परिभाषेत तो लक्षणांवरचा उपचार ठरतो. यमांमध्ये, म्हणजे इतरांशी वागताना पाळावयाच्या बंधनांमध्ये, येणाऱ्या अस्तेय आणि अपरिग्रह, म्हणजे दुसऱ्याचे न घेणे आणि गरजेपलीकडे न साठविणे, यांना आसनाच्या आधी स्थान दिलेले आहे, ते उगाच नव्हे. रोगाच्या कारणाला हात घालण्याचे काम त्या अंगांकडे सोपविलेले आहे.

योग धार्मिक आहे की नाही, हा अलीकडचा वादही याच कसोटीने अधिक स्वच्छपणे पाहता येतो. कॅलिफोर्नियातील एन्सिनिटास येथील शाळांत योग शिकविण्यास काही पालकांनी न्यायालयात आव्हान दिले, तेव्हा २०१३ मध्ये आणि अपिलानंतर २०१५ मध्ये, तेथे ज्या स्वरूपात योग शिकविला जातो ते स्वरूप धार्मिक नाही, असा निर्णय झाला. पण तोपर्यंत पद्मासनाचे नावही बदलून त्याला मुलांच्या तोंडचे एक गमतीदार नाव देण्यात आले होते. अलाबामा राज्याने १९९३ पासूनची शाळांतील योगबंदी २०२१ मध्ये उठविली, ती मंत्र आणि नमस्ते हा शब्द वगळण्याच्या अटीवर. संस्कृत शब्द गाळले की योग निधर्मी होतो असे मानणारे कायदेकर्ते आणि संस्कृत शब्द परत आणले की योग अस्सल होतो असे मानणारे अभिमानी, हे दोघेही आवरणालाच गाभा समजतात.

परंपरेचा अनुभव याहून उदार आहे. तेराव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या दत्तात्रेययोगशास्त्रात ब्राह्मण, श्रमण, बौद्ध, कापालिक, इतकेच काय चार्वाकमतीदेखील, श्रद्धेने अभ्यास करील तर सिद्धी पावेल, असे म्हटले आहे, आणि भगवी वस्त्रे घालून क्रिया न करणाऱ्यांची कडक निर्भर्त्सना केली आहे. जैन आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात योगशास्त्र लिहिले, अल्-बिरूनीने त्याआधी अकराव्या शतकात पातंजल योगाचे अरबी रूपांतर केले, आणि सोळाव्या शतकात ग्वाल्हेरच्या मुहम्मद गौस या सूफी साधकाने हठयोगाच्या एका ग्रंथाला फारसी रूप दिले. पंथाची सीमा ओलांडण्यास योगाची कधीच हरकत नव्हती, कारण राग, द्वेष आणि अभिनिवेश हे कोणत्याही एका धर्माच्या अनुयायांची मिरास नाहीत. योगावर मालकी सांगणे हा प्रकार व्यक्तीने केला काय, व्यापाऱ्याने केला काय किंवा राष्ट्राने केला काय, तो अस्मितेचाच एक आविष्कार होय.

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. वैराग्य ही संन्याशाची मिळकत असून संसारी माणसावर ती लादणे अन्यायाचे आहे, आणि तसा आग्रह धरल्यास कोट्यवधी लोक साध्या आरोग्यलाभालाही मुकतील, असे म्हणता येईल. या आक्षेपाचे उत्तर आसनाविषयीच्या त्या तीन सूत्रांतच दडलेले आहे. आसन स्थिर आणि सुखकर असावे एवढे सांगून पतंजली थांबत नाहीत. ते सिद्ध होण्यासाठी प्रयत्नाचे शैथिल्य आणि अनंताशी चित्ताची तद्रूपता हवी, आणि ते सिद्ध झाले म्हणजे शीतोष्णादी द्वंद्वांचा आघात होत नाही, असे ते पुढे म्हणतात. आसन करताना अधिक ताणण्याचा हट्ट सुटणे, शेजाऱ्याशी तुलना थांबणे, आज देह जितका वळतो तितक्यावर संतोष मानणे, ही सर्व वैराग्याचीच प्राथमिक रूपे आहेत. वैराग्य आसनाच्या बाहेरून आणून जोडावे लागत नाही; आसन नीट केले तर त्याचा पहिला धडा तेथेच गिरविता येतो. वारकरी संतांनी योगाविषयी जी सावध भूमिका घेतली, आणि खुद्द ज्ञानेश्वरांच्या नावावरील हरिपाठाने योगयागापेक्षा नामाला श्रेष्ठ ठरविले, त्यामागेही हीच जाण दिसते. साधनेच्या सामर्थ्याचा अभिमान झाला की साधना फसते, आणि विभूतिपादात पतंजलींनीही सिद्धींना समाधीच्या मार्गातील विघ्ने मानले आहे.

या विवेचनावरून निर्णय असा करता येतो. आरोग्यासाठी केलेला योग हा योगाचा अवमान नाही, कारण व्याधिनिवारण ही त्या मार्गावरची मान्यताप्राप्त पायरी आहे. पण त्या पायरीलाच शिखर म्हणणे हे असत्य आहे, आणि सत्य हा दुसरा यम असल्याने योगशिक्षकाने तरी ते बोलू नये. एखाद्याचा योग खरा आहे की नाही हे त्याच्या आसनाच्या कठीणपणावरून, पोशाखावरून, उच्चारलेल्या मंत्रावरून किंवा वर्गाच्या शुल्कावरून ठरत नाही. काही वर्षांच्या अभ्यासानंतर त्याची हाव, तुलना, राग आणि मृत्यूचे भय किंचित तरी उतरले आहे काय, यावरून ते ठरते, आणि ही परीक्षा ज्याची त्यानेच घ्यावयाची असते. योगवर्ग चालविणाऱ्या संस्थांनी, शाळांनी आणि शासनाच्या उपक्रमांनी आसनप्राणायामाच्या बरोबरीने यमनियमांच्या व्यवहारातील आचरणाला अभ्यासक्रमात खरेखुरे स्थान द्यावे, आणि ज्यांना ते द्यावयाचे नसेल त्यांनी आपल्या वर्गाला व्यायामवर्ग म्हणावे. त्यात व्यायामाचा कमीपणा नाही आणि योगाचीही फसवणूक होत नाही.